वृंदसंचालक व्हायचंय? आधी वादकांमध्ये बसा

व्हायोलिन शिकणाऱ्याकडे स्वतःचं व्हायोलिन असतं. पहाटे उठून, दार लावून घेऊन तो चार तास रियाज करू शकतो. सिम्फनी ऑर्केस्ट्राचा संचालक होऊ पाहणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे असं काहीच नसतं. त्यांचं वाद्य म्हणजे सत्तर-ऐंशी माणसं. ती अनुभवी असतात, प्रत्येकाला स्वतःचं मत असतं, आणि ती रियाजासाठी कुणाच्या घरी येत नाहीत. या व्यवसायातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी इथूनच सुरू होतात. म्हणून या वाटेने जाऊ पाहणाऱ्या तरुणांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझं सांगणं असं, की समोर येणाऱ्या प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारा: यातून मला जिवंत वादकांमध्ये किंवा वादकांपुढे किती तास मिळतील? विद्यापीठाचं नाव, पदवीचा कागद, स्पर्धेचं पदक, मोठ्या शहराचं आकर्षण या सगळ्यांचा विचार त्या प्रश्नानंतर करा.

मुंबईचंच उदाहरण घेऊ. झुबिन मेहता यांचा जन्म १९३६ चा. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचे वडील मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता, त्यामुळे तालमी ऐकतच ते वाढले. सेंट झेविअर्स महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षणाच्या तयारीचे वर्ग सुरू केले आणि सोडले. १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, ते व्हिएन्नाला गेले. तिथे हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे ते संचालन शिकले आणि त्याच काळात डबल बासही शिकले, ऑर्केस्ट्रात बसून वाजवू लागले. पुढे नामवंत संचालक झालेले क्लाउदिओ अब्बादो त्यांचे सहाध्यायी. म्युझिकफेरआइन या प्रसिद्ध सभागृहातल्या तालमी विद्यार्थ्यांसाठी बंद असत. तेव्हा हे दोघे तिथल्या गायकवृंदातच दाखल झाले. खर्जाच्या ओळीत उभं राहून ब्रुनो वॉल्टर, हर्बर्ट फॉन कारायान यांच्यासारखे संचालक तालीम कशी घेतात, कुठे थांबवतात, कुठे सोडून देतात, हे त्यांनी समोरून पाहिलं. १९५८ मध्ये लिव्हरपूलची संचालन स्पर्धा जिंकून मेहता तिथल्या ऑर्केस्ट्राचे सहायक झाले. पुढे आजारी पडलेल्या नामवंतांच्या जागी ऐनवेळी उभं राहण्याच्या संधी आल्या. १९६१ मध्ये माँट्रियल आणि १९६२ मध्ये लॉस एंजेलिस, अशा दोन ऑर्केस्ट्रांची सूत्रं पंचविशी-सव्विशीत त्यांच्या हाती आली.

घरातच संगीत होतं म्हणून हे जमलं, असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे, आणि तो भाग आपल्याला उचलता येत नाही. पण डबल बास शिकणं आणि गायकवृंदात शिरणं हे कुणालाही करता येतं. तालमीच्या खोलीत शिरण्यासाठी त्या दोघांनी जी वाट काढली, तिचा मोठेपणा मला लिव्हरपूलच्या बक्षिसापेक्षा अधिक वाटतो.

अठरा वर्षांपर्यंत काय करावं

पहिली गोष्ट, ऑर्केस्ट्रात जागा असलेलं एक वाद्य नीट शिका. व्हायोलिन, व्हायोला, चेलो, क्लॅरिनेट, हॉर्न, ट्रंपेट, काहीही चालेल. आजचा फिनलंडचा संचालक क्लाउस माकेला चेलोवादक आहे. गुस्ताव्हो डुडामेल व्हायोलिन वाजवत मोठा झाला. पंढरपुरात जन्मलेल्या आणि डेन्मार्कमध्ये वाढलेल्या मारिया बाडस्टू ट्रंपेट वाजवत होत्या, मग संचालनाकडे वळल्या. वाद्य हातात असलं की रांगेत बसून संचालकाकडे पाहण्याची संधी मिळते. कोणता हात स्पष्ट वाटतो, कोणता गोंधळात टाकतो, कोणाच्या बोलण्याने उत्साह येतो आणि कोण नुसतं थकवतं, हे तिथे अंगात मुरतं.

दुसरी गोष्ट, पियानो. मैफलीचा पियानोवादक होण्याची गरज नाही, पण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र लिहिलेली वही, पियानोवर वाजवून पाहता आला पाहिजे. युरोपातल्या बहुतेक प्रवेशपरीक्षांत पियानो तपासला जातो आणि आपल्याकडची गुणी मुलं इथेच मागे पडतात. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या ब्रिटिश संस्थांच्या परीक्षा महाराष्ट्रात आणि गोव्यात होतात. त्यांच्या आठव्या श्रेणीपर्यंत वाद्य आणि संगीतशास्त्र दोन्ही नेलं तर पाया बरा होतो. मात्र त्या परीक्षा म्हणजे पायाच, इमारत पुढे बांधायची असते.

तिसरी गोष्ट कान. हिंदुस्थानी संगीतात वाढलेल्या मुलांची मोठी शिदोरी इथे कामी येते: सुराची बारीक पारख आणि लयीची पक्की जाण. कमी असते ती एका क्षणी एकावर एक रचलेले सहा-सात स्वर वेगवेगळे ऐकण्याची सवय. ही सवय लावता येते. चार आवाजांचं एखादं चर्चगीत घ्या, पियानोवर तीन आवाज वाजवा आणि चौथा स्वतः गा. मग आवाज बदला. रोज अर्धा तास असं वर्षभर केलं तर कानात खरोखर फरक पडतो.

आता स्कोअरवाचनाबद्दल थोडं सविस्तर, कारण संचालकाला एकट्याने करता येण्यासारखं हेच एक मोठं काम आहे. बेथोव्हेनची पाचवी सिम्फनी घ्या. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुन्या संगीतकारांचे स्कोअर मोफत मिळतात. पान उघडलं की एकाखाली एक पट्ट्या दिसतात: वर बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून, मध्ये हॉर्न, ट्रंपेट आणि टिंपनी, खाली तंतुवाद्यं. क्लॅरिनेटच्या पट्टीत जो स्वर लिहिलाय त्याच्या एक पूर्ण स्वर खाली तो प्रत्यक्षात वाजतो. हॉर्न तर लिहिल्यापेक्षा मोठ्या षष्ठकाइतका खाली वाजतो. व्हायोलाची ओळ वेगळ्याच क्लेफमध्ये असते. हे सगळं एका नजरेत खऱ्या सुरांत ऐकू यायला हवं. रेकॉर्डिंग लावून बोट फिरवत बसू नका, त्याने दुसऱ्याचा अर्थ आपल्या कानात बसतो. आधी प्रत्येक ओळ गाऊन पाहा. मग दोन ओळी पियानोवर वाजवा, मग चार. कुठे वाक्य संपतं, कुठे नवं सुरू होतं, कोणत्या क्षणी मुख्य गोष्ट कोणाकडे आहे, कुणाला बऱ्याच विश्रांतीनंतर वाजवायचं आहे आणि म्हणून तुमच्या नजरेची गरज लागेल, या खुणा पेन्सिलीने करा. रेकॉर्डिंग सगळ्यात शेवटी, आणि तेही तीन-चार वेगवेगळी ऐका.

याच्या जोडीला वाद्यवृंदासाठी लिहा. एखादं आवडतं मराठी गाणं घ्या, हाताशी असलेल्या आठ-दहा वादकांसाठी त्याची मांडणी करा, प्रत्येकाची वेगळी वही लिहून द्या आणि वाजवून घ्या. क्लॅरिनेटला कोणता स्वर अवघड जातो, व्हायोलिन मऊ वाजत असताना ट्रंपेट कसं सगळं झाकून टाकतं, हे असं लिहूनच कळतं. मुंबईच्या चित्रपटसंगीतात हे काम करणारी फार मोठी माणसं होऊन गेली. शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यरचना करणारे सेबास्टियन डिसोझा, १९५८ मध्ये रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेणारे अँथनी गोन्साल्विस, हे गोव्याच्या मातीतले. मराठी संगीतात अनिल मोहिले यांचं संयोजन सर्वपरिचित आहे. स्टुडिओत कागद लिहायचे आणि वादकांसमोर उभं राहून ते वाजवून घ्यायचे, हा वारसा आपला आहे. तरुणांनी तो पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या अभ्यासापासून वेगळा मानू नये.

वादक कुठून आणायचे? मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा देशातला एकमेव व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, आणि त्याच्या जोडीला मुलांसाठी संगीत अकादमीही आहे. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. पण मोठ्या नावांपाशीच थांबू नका. गोव्यातले आणि वसईतले चर्चचे गायकवृंद, महाविद्यालयांचे कॉयर, पोलिसांचे आणि लष्कराचे बँड, या सगळीकडे कुणीतरी उभं राहून हात फिरवत असतं आणि त्या माणसाला बहुतेकदा मदतनीस हवा असतो. लष्करी संगीताचं शिक्षण पचमढीला मिळतं. बँडमास्टर हे पूर्ण अर्थाने संचालकाचंच काम आहे, त्याच्याकडे कमीपणाने पाहू नये. आणि काहीच मिळालं नाही तर मित्र जमवा. सहा वादकांचा गट वर्षभर टिकवून दाखवला, त्यांच्या वेळा जुळवल्या, रुसवे काढले, वह्या छापल्या, खुर्च्या लावल्या, तर ते शिक्षण परदेशातल्या पहिल्या वर्षाइतकंच मोलाचं ठरतं.

शिकायला कुठे जावं

संचालनाचं पूर्ण शिक्षण आज भारतात मिळत नाही, बाहेर जावं लागतं. व्हिएन्नाचं संगीत विद्यापीठ, हेलसिंकीची सिबेलियस अकादमी, जर्मनीतली सरकारी संगीत विद्यापीठं, लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक, मँचेस्टरचं रॉयल नॉर्दर्न कॉलेज, अमेरिकेत फिलाडेल्फियाची कर्टिस ही प्रमुख ठिकाणं. जागा फार थोड्या असतात, काही ठिकाणी वर्षाला एक-दोन. म्हणून बऱ्याच जणांनी आधी वाद्याची पदवी घेऊन मग संचालनाकडे वळणं शहाणपणाचं. त्यात वय वाया जात नाही, उलट ऑर्केस्ट्रात बसायचे तास वाढतात.

फिनलंडसारख्या छोट्या देशातून इतके संचालक का निघाले, हे समजून घेण्यासारखं आहे. योर्मा पानुला यांनी १९७३ ते १९९३ या काळात सिबेलियस अकादमीत शिकवलं. एसा-पेक्का सालोनेन, युक्का-पेक्का सारास्ते, साकारी ओरामो, ओस्मो व्हॅन्स्का हे त्यांचे विद्यार्थी. माकेलाही त्यांच्याकडेच शिकला आणि बाडस्टूही. पानुलांची पद्धत साधी: विद्यार्थ्याला खऱ्या वादकांसमोर उभं करायचं, चित्रीकरण करायचं आणि नंतर ते त्यालाच दाखवायचं. शिक्षकाचं बोलणं कमी. आपला हात काय करतोय हे विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. म्हणून कुठल्याही विद्यापीठाला अर्ज करण्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा, की महिन्यातून किती वेळा ऑर्केस्ट्रासमोर उभं राहायला मिळतं आणि किती वेळा नुसत्या दोन पियानोंसमोर. पियानोसमोरचा सराव उपयोगाचा आहे, पण दोन वर्षं तेवढंच मिळणार असेल तर नाव कितीही मोठं असो, दुसरीकडे पाहा.

पैशांचं स्पष्ट बोलू. कर्टिसमध्ये १९२८ पासून शिकवणी शुल्क घेतलं जात नाही, पण प्रवेश अत्यंत कठीण. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांचं शुल्क जबर आहे, शिष्यवृत्तीशिवाय मध्यमवर्गीय घराने तो भार घेऊ नये. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शुल्क नसतं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात. शुल्क नसलं तरी व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याखाण्याची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. ही रक्कम बदलत राहते, अर्जाच्या वेळी पुन्हा तपासा. आणि जर्मन भाषा इथे असतानाच शिका. मुंबई-पुण्यात मॅक्स म्युलर भवनाचे वर्ग आहेत. जर्मन भाषेत तालीम घेता येणं हा पुढे पोटापाण्याचा प्रश्न होतो, तो कसा ते खाली येईलच.

हात आणि तालीम

लोकांचं सगळं लक्ष संचालकाच्या हाताकडे असतं. हात महत्त्वाचा आहेच, पण तो लवकर शिकता येतो. सगळ्यात मोलाची हालचाल पहिल्या सुराच्या आधीची. वेग, जोर, स्वराचा पोत हे सगळं त्या एका श्वासात सांगावं लागतं. पुन्हा पाचवी सिम्फनीच पाहा. सुरुवातीला अर्ध्या मात्रेचा विराम, मग तीन छोटे स्वर, मग थांबलेला लांब स्वर. वाजवायला फक्त तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट. दुसऱ्यांदा तोच आकार येतो तेव्हा लांब स्वर एका बारने अधिक लांबतो. जगातल्या सगळ्यात ओळखीच्या या सुरुवातीवर तरुण संचालक हमखास अडखळतात, कारण हात घाबरून दोनदा हलला की साठ माणसं दोन वेगवेगळ्या क्षणी सुरू होतात. आरशासमोर, मित्रांसमोर, कॅमेऱ्यासमोर हे पुनःपुन्हा करा.

तालीम घेणं मात्र वर्षानुवर्षं शिकावं लागतं, आणि इथेच कारकीर्द घडते किंवा मोडते. व्यावसायिक ऑर्केस्ट्राची एक तालीम मधली सुट्टी धरून साधारण अडीच-तीन तासांची असते, आणि एका कार्यक्रमासाठी अशा मोजक्याच तालमी मिळतात. पहिल्या दहा मिनिटांत वादकांनी तुम्हाला ओळखलेलं असतं. त्यांना संगीताचा इतिहास सांगू नका, या रचनेबद्दल तुम्हाला काय वाटतं याचं भाषण नको. थांबवलंत तर कारण तयार हवं. कुठून, कोणी, काय, एवढंच बोला आणि पुन्हा सुरू करा: "अक्षर डीपासून चौथा बार, दुसरी व्हायोलिन्स, मऊ आणि थोडं लांब." चूक ऐकू आली म्हणून लगेच थांबवू नका. चांगला वादक आपली चूक पुढच्या वेळी स्वतःच सुधारतो, त्याला तेवढी जागा द्या. तीच चूक दुसऱ्यांदा आली तर बोला, आणि माणसाचा नव्हे, जागेचा उल्लेख करा.

वेळापत्रक आधीच लिहून ठेवा. ट्रॉम्बोनवाल्यांना फक्त शेवटच्या भागात वाजवायचं असेल तर त्यांना दोन तास बसवून ठेवणं हा अपमान आहे. ओबोवादकाचे ओठ थकतात, हॉर्नवादकाला सगळी ताकद तालमीत संपवायची नसते, व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर बसलेला कॉन्सर्टमास्टर गज कुठे वर आणि कुठे खाली हे ठरवतो. त्याच्याशी तालमीच्या आदल्या दिवशी बोला. वेळ संपली की थांबा, अर्धं वाक्य राहिलं असलं तरी. वेळ पाळणाऱ्या संचालकासाठी वादक जीव ओततात. आणि उत्तर माहीत नसलेला प्रश्न कोणी विचारला, तर स्कोअर पाहून सांगतो म्हणा आणि मध्यंतरात खरोखर सांगा.

शिक्षणानंतरची पाच-दहा वर्षं

यात साधारण तीन वाटा आहेत आणि माणसं बहुधा एकीवरून दुसरीवर जात राहतात.

सहायक संचालकाची वाट मला सगळ्यात निकोप वाटते. सहायकाचं काम बाहेरून दिसत नाही. प्रत्येक तालमीला स्कोअर घेऊन सभागृहात बसायचं, मागच्या रांगेत जायचं, बाल्कनीत जायचं आणि संचालकाला सांगायचं, की इथे चेलो ऐकू येत नाहीत, तिथे ट्रंपेट फार पुढे येतंय. माहलरच्या दुसऱ्या सिम्फनीत रंगमंचाबाहेरून वाजणारी पितळी वाद्यं असतात, ती पडद्यामागे उभं राहून सांभाळायची. शाळकरी मुलांचे कार्यक्रम करायचे. आणि संचालक आजारी पडला तर उभं राहायला तयार असायचं. १४ नोव्हेंबर १९४३ रोजी ब्रुनो वॉल्टर आजारी पडले आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा पंचवीस वर्षांचा सहायक लेनर्ड बर्नस्टाइन एकही तालीम न घेता उभा राहिला. तो कार्यक्रम देशभर रेडिओवरून गेला आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर बातमी आली. लोक याला नशीब म्हणतात. पण त्या दिवशीचा स्कोअर त्याला येत होता, ही गोष्ट नशिबाची नव्हे. सहायक असताना दर आठवड्याच्या कार्यक्रमाचा स्कोअर आपल्यालाच वाजवून घ्यायचा आहे अशा तयारीने शिका. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा कोणी बोलावणार नाही, पण दोन वर्षांत साठ-सत्तर रचना अंगवळणी पडतील.

दुसरी वाट जर्मन भाषेच्या प्रदेशातल्या ऑपेरागृहांची. जर्मनीत सरकारी मदतीवर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहं आहेत, लहान लहान गावांतसुद्धा. तिथे पियानोवर गायकांना भूमिका शिकवणाऱ्या कोरेपेटिटोरपासून सुरुवात होते, मग कापेलमाइस्टर म्हणजे तिथला नियमित संचालक, मग संगीतप्रमुख. कारायान यांनी १९२९ मध्ये उल्म नावाच्या छोट्या गावात अशीच सुरुवात केली आणि तिथे पाच वर्षं काढली. आज बर्लिन फिलहार्मोनिकचे प्रमुख असलेले किरिल पेट्रेंको व्हिएन्नाच्या फोल्क्सओपरमध्ये कापेलमाइस्टर होते. तिथून १९९९ मध्ये माइनिंगेनसारख्या छोट्या शहरात संगीतप्रमुख म्हणून गेले आणि बर्लिनला पोचले २०१९ मध्ये. इथे महिना पगार असतो, काम रोज असतं, आणि गायकाचा श्वास सांभाळत, रंगमंचावर काहीतरी चुकत असताना खालचा ऑर्केस्ट्रा धरून ठेवणं दुसरीकडे कुठे शिकता येत नाही. उत्तम पियानो आणि चांगलं जर्मन या दोन गोष्टी आधी शिका असं वर म्हटलं, ते यासाठी.

तिसरी वाट स्पर्धांची. फ्रान्समधली बेझाँसाँची स्पर्धा १९५१ पासून चालू आहे, सेइजी ओझावा १९५९ मध्ये तिथे जिंकले. कोपनहेगनची माल्को, लंडनची डोनातेला फ्लिक, बाम्बर्गची माहलर या इतर महत्त्वाच्या. डोनातेला फ्लिकच्या विजेत्याला लंडन सिम्फनीत वर्षभर सहायकपद मिळतं, म्हणून मला ती विशेष मोलाची वाटते. बाम्बर्गची पहिली स्पर्धा २००४ मध्ये डुडामेलने जिंकली आणि २००९ मध्ये तो लॉस एंजेलिसला प्रमुख झाला. पण तिथवर येईपर्यंत व्हेनेझुएलातल्या तरुण ऑर्केस्ट्रांपुढे तो अनेक वर्षं उभा राहिलेला होता, हे विसरू नका. स्पर्धा जिंकली की वर्षभर निमंत्रणं येतात आणि तीच परीक्षा असते. हाताशी सहा-सात रचनाच असतील तर दुसरं निमंत्रण येत नाही. म्हणून तेविसाव्या वर्षी धावत सुटण्यापेक्षा चांगली तयारी करून सत्ताविसाव्या वर्षी जा. प्रत्येक स्पर्धेची वयोमर्यादा वेगळी असते, ती आधी पाहा. अर्जासाठी लागणारं चित्रीकरण वादकांच्या बाजूने, तुमचा चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असं, आणि काटछाट न करता केलेलं हवं. त्यात एक संथ आणि एक वेगवान तुकडा ठेवा. तालमीचा तुकडा मागितला असेल तर खरी तालीम दाखवा.

या तिन्ही वाटा एकाच आयुष्यात कशा गुंफल्या जातात हे लिथुआनियाच्या मिर्गा ग्राझिनिते-तिला यांच्याकडे पाहून कळतं. सुरुवात गायकवृंदाच्या संचालनापासून, मग हायडेलबर्गच्या थिएटरात कापेलमाइस्टर, २०१२ मध्ये साल्झबुर्गचं तरुण संचालकांचं पारितोषिक, लॉस एंजेलिसमध्ये फेलोशिप आणि सहायकपद, आणि २०१६ मध्ये बर्मिंगहॅम सिम्फनीच्या प्रमुख. बाहेरून पाहणाऱ्याला शेवटची पायरी तेवढी दिसते.

मुलींना आणि त्यांच्या पालकांना मुद्दाम सांगायचं आहे: ही वाट तुमचीही आहे. मरिन ऑल्सप २००७ मध्ये बाल्टिमोर सिम्फनीच्या प्रमुख झाल्या तेव्हा अमेरिकेतल्या मोठ्या ऑर्केस्ट्राच्या प्रमुखपदी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री होत्या. इतका उशीर झाला, हे या क्षेत्राला भूषणावह नाही. ऑल्सप यांनी २००२ पासून तरुण संचालिकांसाठी शिष्यवृत्ती चालवली आहे. तिची माहिती जरूर काढा.

पालकांचा प्रश्न उत्पन्नाचा असतो आणि तो रास्त आहे. तिशीपर्यंत उत्पन्न अनियमित राहतं. हौशी ऑर्केस्ट्रा, युवक ऑर्केस्ट्रा, गायकवृंद, शिकवण्या, वाद्यरचना यांवर महिना चालतो. ही कामं नाइलाज म्हणून करू नका. अठरा वर्षांच्या मुलांच्या ऑर्केस्ट्राला दोन महिन्यांत ड्वोर्झाकची आठवी सिम्फनी वाजवायला लावणारा संचालक त्या दोन महिन्यांत जे शिकतो, ते मोठ्या ऑर्केस्ट्रासमोरच्या एका पाहुण्या आठवड्यात मिळत नाही. एजंटच्या मागे फार लवकर लागू नका, दाखवण्यासारखं काम झालं की ते स्वतः शोधत येतात. माकेलासारखा विशीतच दोन-दोन देशांचे ऑर्केस्ट्रा सांभाळणारा तरुण अपवाद आहे, आणि तोही बाराव्या वर्षापासून संचालन शिकत होता. दुसऱ्या टोकाला १९२७ मध्ये जन्मलेले हर्बर्ट ब्लोमस्टेट नव्वदी ओलांडल्यावरही संचालन करत राहिले. इतक्या लांब पल्ल्याच्या व्यवसायात दोन वर्षं पुढे-मागे झाल्याने काही बिघडत नाही. खांदे, पाठ आणि कान मात्र आजपासून जपा.

आता लगेच करता येण्यासारखं एक काम. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे हंगाम साधारणपणे फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये असतात. तिथे, किंवा तुमच्या गावातल्या कुठल्याही गायकवृंदाला, बँडला, वाद्यवृंदाला एक छोटं पत्र लिहा. स्वतःची स्तुती नको, मागणी मोठी नको. मी अमुक वाद्य वाजवतो किंवा वाजवते, संचालन शिकण्याची इच्छा आहे, तुमच्या तालमीला मागे शांत बसून ऐकण्याची परवानगी द्यावी, खुर्च्या लावायला आणि वह्या वाटायला मदत करेन, एवढंच लिहा. नकार आला तर पुढच्या हंगामात पुन्हा लिहा. होकार आला तर त्या कार्यक्रमाचा स्कोअर आधी वाचून घ्या, सोबत पेन्सिल ठेवा, फोन बंद करा आणि वादक येण्याच्या अर्धा तास आधी पोचा.